सूछिन रोज पासवर्ड बदलायची

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर चार खोल्या आहेत आणि चारही खोल्यांत आया राहतात. शाळेच्या मागच्या फाटकापासून आमचं घर सहा मिनिटांवर. मुलाचं शाळेचं शेवटचं, म्हणजे कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेचं वर्ष आलं की गावाकडचं घर, सासू, डुकरं, शेत सगळं कुणावर तरी सोपवून आई इथे खोली घेते, दुपारी फाटकावर डबा नेऊन देते, आणि जून उलटला की गादी गुंडाळून निघून जाते. पंधरा वर्षांत अशा चाळीसएक आया माझ्याकडे राहून गेल्या असतील. बऱ्याच जणींची नावंसुद्धा आता आठवत नाहीत. पांग सूछिनचं मात्र सगळं आठवतं.

खोली बघायला आली तेव्हा तिने खिडकीतून काय दिसतं ते बघितलं नाही, संडास कुठे ते विचारलं नाही. आधी दाराचं कुलूप दोनदा लावून काढून बघितलं.

"वेनताई, याची दुसरी किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. आग लागली, पाणी तुंबलं तर लागते ना."

"ती पण मला द्या."

"आणि आग लागली तर?"

"मग दार फोडा," ती म्हणाली. हसली नाही. मी मात्र हसले, आणि किल्ली देऊन टाकली.

त्रेचाळीस वर्षांची, सडपातळ, केस मागे घट्ट बांधलेले. नवरा दूर वायव्येला रस्त्याच्या कामावर. मुलगी एकच, थान यूए. सकाळी मुलगी शाळेत गेली की सूछिन मागच्या गल्लीतल्या शिवणखान्यात मुलांच्या चड्ड्यांना इलॅस्टिक लावायला जायची, साडेदहाला परत येऊन स्वयंपाक, बाराला फाटकावर. डब्यात कमळाच्या देठाचं आणि डुकराच्या बरगडीचं सूप, टोमॅटो-अंडं, भात. इतर आया फाटकावर उभ्या राहून गप्पा मारायच्या. कुणाच्या मुलाला चाचणीत किती पडले, बीजिंगच्या पोरांना कशी कमी मार्कांत जागा मिळते, आपल्या प्रांतात एकेका मार्कावर कशी हजारभर पोरं उभी असतात. सूछिन ऐकायची. स्वतःच्या मुलीचे मार्क तिने कधी कुणाला सांगितले नाहीत.

"विचारलं तरी सांगत नाही, जशी काय आम्ही चोरून नेणार," तिच्या शेजारच्या खोलीतली एक आई मला म्हणाली होती.

सूछिनला अगदी तेच वाटायचं.

हे मला मार्चमध्ये कळलं. आम्ही दोघी अंगणात बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होतो. शाळेने त्या दिवशी मुलांचे फोटो काढून घेतले होते, परीक्षेच्या अर्जासाठी. सूछिनने दोन वेळा विचारलं, फोटो कोण काढतं, ते मशीन कुठे ठेवतात, त्यात मग कुणी बदल करू शकतं का.

"अगं, आता बोटांचे ठसे घेतात, चेहरा ओळखणारी मशीनं आहेत," मी म्हटलं. "तुझं आपलं काहीतरीच."

तिने शेंग बाजूला ठेवली.

"वेनताई, मी पण दिली होती परीक्षा. सत्त्याण्णव साली."

मला माहीत नव्हतं. शिवणखान्यात काम करणारी बाई बारावीपर्यंत शिकलेली असेल असं माझ्याही मनात आलं नव्हतं, आणि मी स्वतः कॉलेजात शिकलेली! लाज वाटली.

"तेव्हा निकालाच्या आधीच अर्ज भरायचा असायचा. आपले मार्क आपणच अंदाजाने मोजायचे आणि त्यावर कॉलेज निवडायचं. मी शिक्षक-कॉलेज लिहिलं. माझा अंदाज चुकायचा नाही, सर म्हणायचे. प्रवेशाची पत्रं शाळेत यायची, फाटकाशेजारच्या कचेरीत एका टेबलावर ढीग असायचा. गावापासून चौदा किलोमीटर. मी तीनदा चालत गेले. पहिल्या वेळी तो माणूस माझं नाव न विचारताच म्हणाला, तुमच्या गावाचं काही नाही आलं. दुसऱ्या वेळी पण नाही. तिसऱ्या वेळी त्याने ढिगाकडे बघितलं पण नाही. म्हणाला, तू पांग सूछिन ना? आता परत येऊ नकोस."

"मार्क विचारले नाहीस?"

"मार्क बघायला मिळतात हेच माहीत नव्हतं. बापाला पण नाही. ऑगस्टमध्ये दक्षिणेला बुटांच्या कारखान्यात गेले."

"मग नापास झाली असशील गं. अंदाज चुकतो कधीकधी."

"असेल," ती म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली. सोलता सोलता म्हणाली, "पण मी नाव सांगायच्या आधीच त्याला माझं नाव माहीत होतं."

मला त्या उन्हात थंडी वाजली. म्हणजे पत्र आलं असणार, आणि तिच्या नावाने दुसरंच कुणी कॉलेजात गेलं असणार. तिने बजावलं, यूएला यातलं काही कळता कामा नये. परीक्षेत बसणाऱ्या पोरीच्या डोक्यात असला विचार नको.

त्यानंतर तिचं वागणं मला समजायला लागलं, आणि समजल्यामुळे जास्तच भीती वाटायला लागली. परीक्षेचं प्रवेशपत्र आलं. आमच्याकडे ते वर्गशिक्षक स्वतःकडे ठेवतात आणि प्रत्येक पेपराआधी फाटकावर मुलांच्या हातात देतात, हरवायला नको म्हणून. सूछिन वर्गात गेली आणि म्हणाली, माझ्या मुलीचं मला द्या. सरांनी समजावलं, मग चिडले. शेवटी तिच्याकडून कागदावर सही घेतली, हरवलं तर शाळा जबाबदार नाही. ते प्रवेशपत्र तिने प्लॅस्टिकमध्ये घालून आपल्या आतल्या बंडीला शिवून घेतलं. परीक्षेच्या दोन्ही दिवशी फाटकावर दातांनी दोरा तोडून ते यूएला द्यायची, पेपर सुटला की परत घ्यायची, घरी आली की पुन्हा शिवायची.

"आई, लोकांच्या आया लाल रेशमी झगे घालून नशीब उघडायला उभ्या आहेत," यूए म्हणाली, "आणि तू फाटकावर कपडे उसवतेस."

मुलगी हसरी होती. आईसारखी घाबरट नव्हती, की घाबरत असूनही दाखवत नव्हती, कोण जाणे. त्या दोन दिवसांत आम्ही घरभर कापडी तळव्याच्या सपाता घालून फिरायचो. समोरच्या दुकानदाराने कुत्रं बहिणीकडे नेऊन ठेवलं होतं. चौकात पोलीस गाड्यांना हॉर्न वाजवू देत नव्हते. एवढ्या मोठ्या गावात एवढी शांतता झाली की मी भांडीसुद्धा फडक्यावर ठेवून घासायचे.

पेपर बरे गेले. निकाल लागला. साडेसातशेपैकी पाचशे एकसष्ट.

यूएला गुरांच्या डॉक्टरकीला जायचं होतं. मार्क अगदी काठावर होते, पण प्रांताच्या राजधानीतल्या शेतकी विद्यापीठात मिळण्यासारखं होतं.

"माणसांच्या डॉक्टरकीला पुरले नाहीत, डुकरांच्या डॉक्टरकीला पुरतील," सूछिन म्हणाली. त्या सबंध वर्षात मी तिला विनोद करताना ऐकलं ते तेवढंच.

अर्ज भरायचा तो संगणकावर. माझ्या मुलाचा जुना संगणक खालच्या खोलीत आहे, वरच्या सगळ्या आया त्यावरच अर्ज भरतात. यूएने पहिल्याच दिवशी पसंतीची यादी भरली, सादर केली, आणि गावाला आजीकडे निघून गेली. मुदत दोन जुलैला संध्याकाळी पाचपर्यंत. काम संपलं होतं. कुणीही दुसरी बाई सुखाने झोपली असती.

पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी सूछिनला फोन आला. मी समोरच होते. माणूस गोड बोलत होता. "थान यूएची आई ना? पाचशे एकसष्ट मार्क. शेतकीला एक-दोन मार्क कमी पडतायत हो ताई. आतली एक जागा आहे, आजच्या आज पैसे भरलेत तर…"

नाव, मार्क, कॉलेज सगळं बरोबर. सूछिन पांढरी पडली. मी तिच्या हातातून फोन घेऊन बंद केला.

"हे चोर दरवर्षी करतात. मागच्या वर्षी पण वरच्या एका बाईला आला होता."

"त्याला माझ्या मुलीचे मार्क कसे माहीत?"

त्या दिवशी आणखी सात फोन आले. संध्याकाळी तिने फोनमधलं सिमकार्ड काढलं आणि स्वयंपाकघरातल्या कात्रीने त्याचे दोन तुकडे केले. दुसऱ्या दिवशी नवा नंबर घेतला.

आणि रोज सकाळी, भात शिजत लावला की, ती खाली येऊन संगणकापुढे बसायला लागली. यूएच्या नावाने आत जायचं, यादी जशीच्या तशी आहे ना बघायची, आणि निघताना पासवर्ड बदलायचा. कुणी कालचा बघितला असेल तर आजचा नको कळायला. कागदावर लिहायचा नाही, कारण कागद दुसऱ्याच्या हाती लागतो. कधी नवऱ्याची जन्मतारीख उलटी, कधी डुकरीण व्याली तो दिवस, कधी गावच्या घराचा नंबर. मी तोंड फिरवून बसायचे.

"सूछिन, तुझ्या डोक्यात तरी राहतं का एवढं?"

"बुटांच्या कारखान्यात चारशे मापं पाठ होती मला," ती म्हणाली.

दोन जुलैच्या सकाळी मी बाजारातून आले तर ती संगणकापुढे बसली होती, हात मांडीवर, डोळे पडद्यावर. पडद्यावर लाल अक्षरं होती.

"वेनताई," ती अगदी हळू म्हणाली, "कच्चा झाला."

मला कळायला वेळ लागला. यादीतली अक्षरं बारीक होती. नीट दिसावीत म्हणून तिने 'बदल' असं लिहिलेल्या जागी दाबलं. यादी मोठी दिसली, तिला बरं वाटलं. पण आमच्या प्रांतात एकदा 'बदल' दाबलं की सादर केलेला अर्ज परत कच्चा होतो, आणि पुन्हा सादर केल्याशिवाय तो धरत नाहीत. ते तिने खालच्या ओळीत वाचलं तोवर वेळ संपून पान आपोआप बंद झालं होतं. पासवर्ड तिने त्याआधीच बदलला होता. आणि आता तो लागत नव्हता.

"किती वेळा घातलास?"

"चार. डुकरिणीचा घातला, घराचा घातला. आज मी घराचा ठेवला की उद्या ठेवणार होते… ताई, मला आठवतच नाहीये."

"आता हात लावू नकोस."

पण तिचं बोट खाली गेलंच होतं. पाचवी चूक. खातं बंद. नवा पासवर्ड हवा असेल तर नोंदवलेल्या फोनवर अंक पाठवला आहे, असं लिहून आलं.

तो फोन नंबर तिने कात्रीने कापला होता.

ती रडली नाही. उठली, गॅसवरचा भात बंद करून आली आणि म्हणाली, "यूएला बोलवा. मला फोन लावता येणार नाही. माझे हात बघा." हात इतके कापत होते की तिने ते काखेत दाबून धरले होते.

मदतीच्या नंबरवर मी पाऊण तास फोन लावला, लागला नाही. यूएने सरांना विचारलं. सर म्हणाले, जिल्ह्याच्या प्रवेश कचेरीत स्वतः जा, मुलीचं ओळखपत्र, प्रवेशपत्र, आणि नंबर आईच्या नावावर होता म्हणून आईचंही ओळखपत्र न्या. कचेरी दुपारी बारा ते अडीच बंद. आम्ही दीडलाच दाराशी जाऊन उभ्या राहिलो तर पुढे चाळीस-पन्नास माणसं. यूए गावाहून कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून आली, धुळीने माखलेली.

"आई," तिने तोंडावरची धूळ पुसली, "तुझ्यापेक्षा चोर परवडला असता. त्याने निदान सादर तरी केलं असतं."

मग आईच्या तोंडाकडे बघून यूएने तिचा हात काखेतून ओढून काढला आणि आपल्या हातात धरला.

खिडकीपाशी पोचलो तेव्हा चार वाजून बारा मिनिटं झाली होती. आत एक तिशीतली बाई, चष्मा, घामाने कपाळाला चिकटलेले केस. दिवसभर ओरडून तिचा आवाज बसला होता.

"कागद द्या."

सूछिनने बंडीत हात घातला. दोरा तुटेना. यूएने वाकून दातांनी तोडला. प्रवेशपत्र आणि दोन ओळखपत्रं खिडकीच्या खालच्या फटीतून आत गेली. त्या बाईने ती उचलली आणि उठली.

"कुठे नेताय?" सूछिन ओरडली. रांगेतली सगळी माणसं वळून बघायला लागली.

"मागे. छायाप्रत काढून सही घ्यायची असते साहेबांची."

"मी येऊ?"

"आत नाही येता येत, काकू."

दार बंद झालं. राखाडी रंगाचं साधं लोखंडी दार. सूछिनने दोन्ही हात खिडकीच्या काचेवर ठेवले आणि त्या दाराकडे बघत राहिली. तिला काय दिसत होतं ते मला कळत होतं. मलाही तेच दिसायला लागलं होतं. ते दार उघडेल, ती बाई रिकाम्या हाताने येईल, आणि म्हणेल, परत येऊ नकोस.

चार मिनिटं. पाच. भिंतीवरच्या घड्याळात चार एकोणीस.

दार उघडलं. बाईच्या हातात कागद होते. ती बसली, काहीतरी टाइप करायला लागली, आणि सूछिनचं ओळखपत्र उचलून बघताना थांबली.

"पांग सूछिन," ती म्हणाली. पहिल्यांदाच जरा हसली. "आम्हाला नववीला याच नावाच्या बाई होत्या. पांग आडनावाचं आपल्याकडे फार कुणी नाही ना, म्हणून लक्षात राहिलं. तुमच्याच वयाच्या असतील. नेहमी सांगायच्या, आमच्या वेळी मार्कांचा अंदाज बांधून अर्ज भरावा लागायचा, तुमचं नशीब थोर."

मी सूछिनकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही. घड्याळाकडे बघितलं. सूछिन आता विचारेल, कुठल्या शाळेत, कुठल्या गावची, कुठे राहते. तिने विचारायलाच हवं होतं. चोवीस वर्षं झाली होती. आणि ती विचारायला लागली असती तर त्या खिडकीत तमाशा झाला असता, साहेब आले असते, आणि पाच वाजले असते.

"चांगल्या होत्या का त्या?" सूछिनने विचारलं. आवाज तिचा नव्हता.

"मारायच्या फार," बाई म्हणाली. "पण गणित शिकवलं."

"हं," सूछिन म्हणाली. तिने काचेवरचे हात खाली घेतले. "माझ्या मुलीचं आधी करा."

चार चोवीसला नवा पासवर्ड मिळाला, कागदाच्या पट्टीवर छापलेला. कोपऱ्यात दोन संगणक मांडून ठेवले होते, एकावर कुणी बसलं होतं, दुसरा मोकळा. यूए बसली. सूछिन तिच्या खांद्यामागे उभी राहिली, नेहमीसारखी.

"आई, हा छापील पासवर्ड आधी बदलावा लागतो," यूए म्हणाली. बोटं कळांवर ठेवून ती थांबली. "तिकडे बघ."

"मी आई आहे तुझी."

"म्हणूनच सांगते. भिंतीकडे तोंड कर."

सूछिन उभीच. मला वाटलं, आता भांडण होणार, इथे, या घटकेला. यूएच्या पाठीचे मणके शर्टातून दिसत होते. ती मागे न बघता म्हणाली, "आई, हा तुला सांगणार नाही मी. कधीच नाही. मावशी, तुम्ही पण."

मी वळले. मग सूछिन वळली. आम्ही दोघी भिंतीवरच्या सूचनांच्या कागदासमोर उभ्या राहिलो. मागे कळा वाजायला लागल्या. सूछिनचे ओठ हलताना दिसले. ती आवाज मोजत होती.

"कान पण झाक," मागून यूए म्हणाली.

तिने झाकले. दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून, डोळे मिटून, कोपरं पुढे आणून ती उभी राहिली. एवढी बारीक दिसत होती. तिच्या मनात त्या वेळी गणिताच्या त्या बाई होत्या, की पान उघडताना पडद्यावर नुसतं फिरत राहणारं चाक होतं, ते मी तिला नंतरही विचारलं नाही.

"मावशी, या," यूएने हाक मारली.

मी गेले. पान उघडत होतं, मधे ते गोल चाक फिरत होतं. चार एकतीस. दुसऱ्या संगणकावरचा माणूस स्वतःशी पुटपुटत होता. चाक थांबलं, पुन्हा फिरलं. यूएने खालचा ओठ चावला होता, त्यातून रक्त आलेलं तिला कळलंही नव्हतं. मग यादी आली. तिने एकेका ओळीवरून बोट फिरवलं, क्रमांक जुळवले, सादर दाबलं. पुन्हा चाक. हे चाक किती वेळ फिरलं ते मला सांगता येणार नाही. मी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं होतं.

मग हिरवी पट्टी आली. अर्ज सादर झाला.

यूएने डोकं टेबलावर टेकवलं. मी जाऊन सूछिनच्या खांद्याला हात लावला. ती दचकली, पण वळली नाही. हात कानांवरून हळूहळू खाली आले, तोंड भिंतीकडेच.

"झालं," मी म्हटलं.

"नीट बघितलंत? नाव कुणाचं आहे त्यावर?"

"थान यूए."

"आणि फोटो?"

मी परत गेले. वाकून बघितलं. मार्चमध्ये शाळेत काढलेला, कान दिसावेत म्हणून केस मागे सारलेले, जरा भेदरलेले डोळे.

"फोटो पण तिचाच आहे," मी म्हटलं.

मग ती वळली.